तापलेले इंजिन आणि त्याची चौकशी

कुंडलमध्ये इतिहासावर बोलावयाचे म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे १९४३ ते १९४६ ची प्रतिसरकारची वर्षे उभी राहतात, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु आपल्या शिवेलगत आणखी एक इतिहास घडला आहे, त्याकडे आपले लक्ष कमी जाते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर आपला कारखाना आणला. आधी नांगर, मग पंप. पुढे त्या स्टेशनाचे नावच किर्लोस्करवाडी झाले. लोखंड, पाणी आणि आग या तिघांचा संसार कसा चालतो, हे या भागातल्या कामगाराने तीन-चार पिढ्या जवळून पाहिले आहे. त्या संसारातल्या एका नेहमीच्या भांडणाविषयी, म्हणजे इंजिन तापण्याविषयी, मी आज बोलणार आहे.

हा विषय गॅरेजातला, तो व्याख्यानमालेत कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, इंजिन जळाले म्हणजे ते कोणाच्या तरी नावावर टाकले जाते, आणि बहुधा ते नाव ड्रायव्हरचे असते. मी काही इंजिनिअर नव्हे. हे शास्त्र मी गॅरेजच्या दारात आणि चौकशीच्या टेबलापुढे बसून शिकलो, कारण ते शिकल्यावाचून माणसाची बाजू मांडता येईना.

इंजिनात जळणाऱ्या तेलापैकी चाकापर्यंत किती पोहोचते? ढोबळ हिशेब सांगतो. रुपयातले पाच आणे कामाला येतात, पाच-सहा आणे धुराड्यावाटे निघून जातात, आणि उरलेले पाच आणे इंजिनाच्या भिंतींत उष्णता होऊन बसतात. ही तिसरी वाटणी वेळेवर बाहेर काढली नाही तर दट्ट्या फुगतो, तेल पातळ होते आणि दट्ट्या सिलिंडरला धरून बसतो. म्हणून मोटारीचा शोध लावणाऱ्यांना चालण्याइतकीच थंड होण्याचीही चिंता वाहावी लागली.

कार्ल बेन्झने १८८६ साली आपल्या तीनचाकीचे पेटंट घेतले, तेव्हा त्याची युक्ती अगदी चुलीवरच्या पातेल्यासारखी होती. सिलिंडरभोवती पाणी ठेवावे, ते उकळावे, वाफ होऊन जावे, आणि जाताना उष्णता घेऊन जावे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. शंभर किलोमीटरांवरचा तो प्रवास. वाटेत जिथे पाणी मिळेल तिथे थांबून इंजिनाची तहान भागवावी लागली. इंजिनात पाणी आहे की नाही हे पाहणे, ही निदानाची पहिली पायरी या बाईने घालून दिली. आजही गाडी तापली की पहिला प्रश्न तोच आहे, आणि आश्चर्य असे की पुष्कळ चौकश्यांत तो शेवटी विचारला जातो.

दर कोसाला पाणी घालीत कोण फिरणार? तेव्हा तेच पाणी थंड करून पुन्हा वापरण्याचा विचार आला. १९०१ च्या मर्सिडीज गाडीसाठी विल्हेल्म मायबाखने मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात सहा मिलिमीटर चौकोनी अशा ८,०७० बारीक नळ्या होत्या, आणि नऊ लिटर पाण्यात काम भागू लागले. थोडे पाणी, पण वाऱ्याला भिडणारे अंग मोठे, असे ते तत्त्व आहे. पण अंग मोठे म्हणजे घाण बसण्यासही जागा मोठी. आपल्याकडे उसाच्या हंगामात पाचटाचा भुगा आणि रस्त्याची धूळ रेडिएटरच्या पात्यांत अशी बसते की समोरून वारा आत शिरत नाही. बाहेरून घाण आणि आतून क्षार, अशा दोन्ही बाजूंनी हा गडी गुदमरतो.

फोर्डने १९०८ मध्ये आणलेल्या मॉडेल टी गाडीत थोड्याच काळात पंपही काढून टाकला. गरम पाणी हलके होऊन वर चढते, गार पाणी खाली उतरते, एवढ्यावरच पाणी आपोआप फिरत राही. युक्ती साधी, पण तिला एक अट होती: पाण्याची पातळी वरच्या नळीच्या खाली जाता कामा नये. गेली की फेरा तुटला. म्हणजे पाणी थोडेच कमी, आणि परिणाम मात्र पाणी नसल्यासारखा. पुढे इंजिने मोठी झाली आणि पंप परत आला. पंप आला तसा त्याला फिरवणारा पट्टा आला, पट्टा ढिला होण्याची कटकट आली.

आपल्या विहिरींवर मात्र या सगळ्याहून सोपी पद्धत होती. सातारा रोडच्या कूपर कारखान्याची आणि १९४६ पासून पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची इंजिने आपल्या मळ्यांत धडधडू लागली. विहिरीचे पाणी पंपाने वर यायचे, त्यातली एक बारीक धार इंजिनाच्या अंगातून फिरून पाटात पडायची. रेडिएटर नाही, पंखा नाही. शेतकरी काय करी? त्या धारेखाली हात धरी. कोमट लागली तर ठीक. चटका बसला की पाणी कमी येते आहे असे समजे. धार बारीक झाली की नळीत काही अडकले. पंचवीस पैशांचेही उपकरण न वापरता केलेले हे निदान शंभर टक्के शास्त्रीय आहे. आणि विहिरीचे पाणी जड असेल तर दोन-चार वर्षांत आतल्या पोकळीत चुन्याचा थर चढतो, हेही त्याला ठाऊक होते. आपल्या घरच्या बंबात चढतो तोच हा थर. धातू आणि पाणी यांच्यामध्ये तो गोधडीसारखा पडून राहतो, मग पाणी गार असूनही इंजिन तापते.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, ती बेडफर्ड बनावटीची होती. त्यानंतर पसरणी, कुंभार्ली, आंबा अशा घाटांतून रोज प्रवासी गाड्या चढू लागल्या. घाटात इंजिनाची तिहेरी कोंडी होते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरते, गाडी मात्र हळू चालते म्हणून समोरचा वारा मिळत नाही. शिवाय उंचीवर पाणी लवकर उकळते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरांच्या आसपास आहे, तिथे ते १०० ऐवजी सुमारे ९५-९६ अंशांवर उकळू लागते. यावर तोड म्हणून रेडिएटरला दाबाचे झाकण आले. एका वातावरणाइतका जादा दाब दिला की पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. पण हेच झाकण गरम गाडीत उघडले की कोंडलेले पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येते. यात भाजलेले किती ड्रायव्हर आणि क्लीनर मी पाहिले! 'पाणी घाल लवकर' म्हणून ओरडणाऱ्याचा हात मात्र कधी भाजत नाही.

आता निदानाचा मुख्य प्रश्न. मी नेहमी असे विचारतो: गाडी उभी असताना तापते की पळताना? उभ्या गाडीत किंवा बाजारपेठेच्या गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर उतरते, तर पंखा, त्याचा पट्टा, हल्लीच्या गाडीत पंख्याची मोटर आणि रिले पाहावा. कारण पळत्या गाडीला वारा फुकट मिळतो. उलट शहरात बरी आणि चढावर किंवा वेगात तापत असेल, तर रेडिएटर चोंदला असावा किंवा पंप पुरेसे पाणी ढकलत नसावा. गाडी सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा चढला, वरची नळी कढत आणि रेडिएटरचा तळ गार, तर थर्मोस्टॅट बंदच अडकला असण्याचा संभव फार. आपल्याकडे यावर एक सोपा इलाज रूढ आहे, तो म्हणजे थर्मोस्टॅट काढून फेकून देणे. मला हा इलाज मान्य नाही. इंजिन मग कायम गारठलेले राहते, तेल जास्त खाते आणि आतून झिजते. आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील, ऑइल ताकासारखे पांढरट झाले असेल, धुराड्यातून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर हेडचे गॅस्केट गेले. गॅस्केट बहुधा तापल्यामुळे जाते. आधी कशाने तापले, हे विचारल्यावाचून नवे बसवले तर तेही जाते.

या शास्त्राचा चौकशीत कसा उपयोग होतो, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मालवाहतूक धंद्यातला ड्रायव्हर माझ्याकडे आला. घाट चढून आल्यावर ट्रकचे इंजिन धरले होते. काटा लाल रेषेवर गेला असतानाही गाडी हाकली, असा आरोप; इंजिनाचा खर्च हप्त्याहप्त्याने पगारातून कापावयाचा, असा हुकूम. तो सारखे एकच सांगत होता, "अण्णा, काटा खाली होता हो. वर गेला असता तर मी थांबलो नसतो का?" साहेबांना हे थापेबाजीचे वाटले. इंजिन जळाले आणि काटा खाली, हे कसे शक्य आहे?

शक्य आहे, आणि ते पुष्कळदा घडते. काट्याला खबर देणारा जो सेन्सर असतो, तो पाण्यात बुडालेला असावा लागतो. पाणी निघून गेले की तो कोरडा पडतो, त्याला पाण्याची उष्णता कळेनाशी होते, आणि इंजिन भाजत असताना काटा खाली येतो. आम्ही चौकशीत ट्रकचा पंप मागवला. पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असते. आतले सील गेले की तिथून पाणी ठिबकते, म्हणजे ती मुद्दाम ठेवलेली सूचना असते. त्या भोकापासून खाली कूलंटचा वाळलेला हिरवट ओघळ होता, आणि त्यावर धुळीचे थर बसले होते. एका दिवसात असा ओघळ होत नाही. मग गाडीचे दोषपुस्तक काढावयास लावले. त्याआधीच्या पाच आठवड्यांत याच ड्रायव्हरच्या हातची 'पाणी कमी होते' अशी तीन वेळा नोंद होती, आणि तिन्हींपुढे 'पाणी भरले' एवढाच शेरा होता. कपात रद्द झाली. चौकशी चालू असताना त्याला घरी बसवले होते, त्या दिवसांचा पगार मात्र भांडूनही पूर्ण मिळाला नाही.

प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांपुढे दोन्ही बाजू ऐकल्या जात, असे आपण अभिमानाने सांगतो. कायद्यानेही हे फार पूर्वी सांगितले होते. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यात नुकसानीबद्दल कपात करण्यापूर्वी कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, आणि कपात त्याच्या हयगयीने झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त नसावी, अशी तरतूद होती. २०१९ च्या वेतन संहितेतही ती ठेवली आहे. पण संधी मिळाली तरी काय म्हणावयाचे, हे कामगाराला ठाऊक हवे. 'माझी चूक नाही' एवढे म्हणून भागत नाही. पाणी कुठून गेले, पट्टा कधी बदलला, रेडिएटर शेवटचा कधी साफ केला, कूलंटऐवजी विहिरीचे पाणी कोणाच्या सांगण्यावरून भरले, हे त्याने विचारले पाहिजे.

हल्लीच्या इंजिनांत हा हिशेब यंत्रच ठेवते. किती वाजता किती तापमान होते, पंखा केव्हा लागला, इशारा केव्हा दिला, हे गाडीतल्या संगणकात साठते. विजेच्या बसमध्ये तेल जळत नाही, तरी बॅटरी तापते; तिच्याभोवतीही कूलंट, पंप आणि रेडिएटर आहेतच, आणि त्यांचे आजारही जुन्या ओळखीचे आहेत. फरक एवढाच पडला आहे की शेतकऱ्याच्या हाताला लागणारी धार आता पडद्यावरच्या आकड्यांत गेली आहे, आणि तो पडदा वर्कशॉपच्या कपाटात असतो. म्हणून अलीकडे आरोपपत्राला उत्तर देताना आम्ही पहिल्याच परिच्छेदात त्या दिवसाच्या नोंदीची छापील प्रत मागतो, आणि ती हाती पडेपर्यंत पुढचे उत्तर लिहीत नाही.