यादी तीच, नोंदी नव्या
शाळेच्या ग्रंथालयात उद्या ध्वनिफिती आल्या, तर यादीचे नियम पुन्हा लिहायचे का? १९९८ च्या एक्सएमएलमधील डीटीडीत एका प्रकारातून दुसरा प्रकार काढण्याची थेट सोय नव्हती. नॉर्वेच्या डाल व नीगार्ड यांनी मात्र सिम्युला ६७ या संगणकभाषेत वर्गातून उपवर्ग काढले होते. त्याच धाटणीची कल्पना २००१ मध्ये एक्सएमएल स्कीमात आली.

मूळ ‘प्रकाशन’ प्रकारात भर घातली, की विस्तार; अटी कडक केल्या, की संकोच. अशा प्रकारचा ‘ध्वनिफीत’ घटक ‘प्रकाशन’च्या जागी चालेल असे जाहीर केले, की यादीचा जुना नियम तसाच राहतो. परक्या प्रकाराला मात्र ती जागा मिळत नाही. प्रयोगशाळेतील साहित्याची अशी वंशावळ आपण वर्गात करून पाहू.