पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील एकदिवसीय डोंगरवाटा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

पिंपरी-चिंचवड आणि चाकण ही नावे उच्चारताच आज डोळ्यांसमोर कारखाने, कामगारवसाहती आणि अवजड वाहनांच्या रांगा उभ्या राहतात. इ.स. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. इ.स. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. इ.स. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका आणि इ.स. १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. या टप्प्यांच्या आधारे परिसराचा आधुनिक इतिहास सामान्यतः सांगितला जातो. परंतु या पट्ट्याच्या कडेने उभ्या असलेल्या लहानमोठ्या डोंगरांचा इतिहास त्याहून कितीतरी प्राचीन आहे. सकाळी निघून सायंकाळी घरी परतता येईल अशा येथील वाटांवर सुटीच्या दिवशी शेकडो लोक चालताना दिसतात. त्यांना आपण 'भटकंती' अथवा 'ट्रेक' असे म्हणतो. या वाटा मात्र भटकंतीसाठी निर्माण झालेल्या नाहीत. भिक्षू, व्यापारी, सैनिक, साधक आणि मेंढपाळ यांनी त्या आपापल्या गरजेतून घडविल्या. या वाटांचा ऐतिहासिक परामर्श घेणे आणि त्यांच्या जतनाचा प्रश्न अभ्यासकांपुढे मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, परिसरातील निवडक एकदिवसीय वाटांचे ऐतिहासिक महत्त्व स्पष्ट करणे. दुसरे, औद्योगिकीकरणाचा या वाटांशी असलेला संबंध तपासणे. तिसरे, वाटांच्या जतनासाठी उपलब्ध असलेल्या कायदेशीर आधाराचा विचार करणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित साधनांना प्रत्यक्ष पाहणीची जोड दिली आहे. ही जोड देण्यामागे एक परंपरा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे संशोधन करणारे दामोदर धर्मानंद कोसंबी हे पुण्याच्या आसपासचे डोंगर पायी फिरत. त्यांनी उतारांवरील सूक्ष्म पाषाणास्त्रे, गावोगावच्या मातृदेवतांची ठाणी आणि बौद्ध लेणी यांचा परस्परसंबंध तपासला. हे विवेचन त्यांच्या इ.स. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या ग्रंथात आले आहे. लेणी व देवस्थाने ही बहुधा जुन्या मार्गांच्या अनुरोधाने आढळतात, हे त्यांचे निरीक्षण येथे मार्गदर्शक मानले आहे.

१. चाकणचा भुईकोट : मार्गांच्या संगमावरील दुर्ग

सर्वांत कमी श्रमाची वाट चाकणच्या संग्रामदुर्गाची आहे. हा डोंगरी किल्ला नसून भुईकोट आहे. त्यामुळे त्याची फेरी सपाट जमिनीवरच होते. तटबुरुजांचे अवशेष, खंदकाच्या खुणा आणि त्यांना भिडलेली वस्ती पाहण्यास दोन तास पुरतात. मात्र त्याचे ऐतिहासिक मोल आकारावरून ठरविता येणार नाही. बहमनी काळात, इ.स. १४५३ च्या सुमारास, मलिक-उत-तुज्जार याने कोकणावरील मोहिमेसाठी चाकण हे आपले ठाणे केले होते. पुढे शायिस्ताखान पुण्यात आल्यानंतर त्याने प्रथम वेढा घातला तो याच किल्ल्याला. इ.स. १६६० च्या जून महिन्यात सुरू झालेला हा वेढा सुमारे ५५ दिवस चालला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी भर पावसाळ्यात अल्प शिबंदीनिशी किल्ला लढविला. अखेर ऑगस्टमध्ये मोगलांनी सुरुंग लावून बुरूज उडविला, तेव्हाच किल्ला त्यांच्या हाती गेला.

एवढ्याशा भुईकोटासाठी मोगलांनी पावसाळ्याचे दोन महिने का खर्च केले, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर किल्ल्याच्या स्थानात सापडते. पुण्याहून जुन्नरकडे जाणारा मार्ग आणि मावळातून, म्हणजे पर्यायाने घाटवाटांकडून, पूर्वेकडे जाणारा मार्ग हे दोन्ही चाकणपाशी एकमेकांना छेदतात. चाकण ताब्यात असल्याशिवाय अहमदनगर व जुन्नरकडून येणारी रसद पुण्यापर्यंत निर्धोकपणे आणणे शक्य नव्हते. आज पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता यांचा छेद याच ठिकाणी आहे. वाहननिर्मितीचे मोठे कारखाने येथे येण्यामागे जी कारणे आहेत, त्यांत या मार्गसंगमाला निश्चितच स्थान आहे. सतराव्या शतकातील सेनापतीला व एकविसाव्या शतकातील उद्योजकाला एकच जागा मोक्याची वाटावी, ही बाब भूगोल आणि इतिहास यांचे नाते दर्शविते.

२. शेलारवाडीची लेणी : शेतकरी कुटुंबाचे दान

जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगत, देहूरोड व तळेगाव यांच्या दरम्यान, घोराडेश्वराचा डोंगर आहे. लोकलने बेगडेवाडी अथवा देहूरोड येथे उतरून येथे येता येते. पायथ्यापासून माथ्यापर्यंतची चढण सुमारे अर्ध्या-पाऊण तासाची आहे. त्यामुळे पहाटे चढून कामाच्या वेळेपर्यंत परतणारे अनेक नागरिक येथे भेटतात. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते.

ज्या गुहेत आज शिवलिंग आहे ती मुळात बौद्ध लेणी होय. येथील ब्राह्मी शिलालेखात धेनुकाकट येथे राहणाऱ्या उसभणक नावाच्या नांगरधारी शेतकऱ्याची पत्नी सिअगुतणिका हिने आपला पुत्र नंद याच्यासह लेणे दान केल्याचा उल्लेख आहे. हा लेख दोन कारणांनी लक्षणीय ठरतो. पहिले म्हणजे, लेण्यांचे दाते केवळ राजे व श्रेष्ठी होते, ही समजूत त्यामुळे दूर होते. जमीन कसणाऱ्या कुटुंबातील स्त्री येथे स्वतःच्या नावाने दान नोंदविते. दुसरे म्हणजे, धेनुकाकट हेच नाव कार्ले येथील अनेक दानलेखांत पुन्हा पुन्हा येते आणि तेथे यवन दातेही स्वतःला याच गावचे म्हणवितात. याचा अर्थ कार्ले व शेलारवाडी ही एकमेकांपासून तुटलेली स्थळे नव्हती. एकाच दानपरंपरेने व एकाच मार्गव्यवस्थेने ती जोडलेली होती. आजचा महामार्ग व लोहमार्ग याच डोंगराच्या कुशीतून जातात, हा योगायोग नव्हे.

३. भंडारा व भामचंद्र : संत तुकारामांचे डोंगर

देहूच्या परिसरातील तीन डोंगर संत तुकाराम महाराजांच्या एकांतसाधनेशी परंपरेने जोडले गेले आहेत : भंडारा, भामचंद्र आणि घोराडेश्वर. प्रचलित मतानुसार तुकोबांचा काळ इ.स. १६०८ ते १६५० असा आहे. भंडारा डोंगर देहूपासून इंद्रायणीच्या पलीकडे, इंदोरी गावाजवळ आहे. आज माथ्यापर्यंत वाहनाचा रस्ता झाला असला तरी पायथ्यापासून जाणारी पाऊलवाट अनेक वारकरी अद्याप पसंत करतात. माघ शुद्ध दशमीला येथे मोठा सोहळा होतो. याच डोंगरावर प्राचीन लेणी आहेत. कोसंबींनी तुकोबांच्या या आवडत्या स्थळाचा विचार त्या प्राचीन वारशाच्या संदर्भात केला होता. भिक्षूंच्या वर्षावासासाठी जी जागा योग्य ठरली तीच दीड हजारांहून अधिक वर्षांनी एका कुणबी संताला चिंतनासाठी योग्य वाटली. पाणी, निवारा आणि गावापासून बेताचे अंतर ही त्यामागील व्यावहारिक कारणे होत. गावातून निघून दिवसभर एकांतात राहता यावे, इतकेच ते अंतर आहे.

भामचंद्र डोंगर खेड तालुक्यात, शिंदे व वासुली या गावांच्या परिसरात आहे. तुकोबांना येथेच साक्षात्कार झाला, अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे. येथील गुहांमधून आजही साधक अध्ययनासाठी राहतात. चाकण औद्योगिक क्षेत्राचा विस्तार या डोंगराच्या पायथ्यापर्यंत आला आहे. इ.स. २००८ मध्ये शिंदे-वासुली परिसरात डाऊ केमिकल्स या कंपनीच्या नियोजित संशोधन केंद्राला ग्रामस्थ व वारकरी यांनी तीव्र विरोध केला आणि तो प्रकल्प तेथे उभा राहिला नाही. या संघर्षात नदी व शेती यांच्या रक्षणाबरोबर डोंगराच्या पावित्र्याचाही मुद्दा होता. डोंगराकडे जाण्याचा हक्क हा केवळ पर्यटकांच्या आवडीनिवडीचा विषय नसून स्थानिक समाजाच्या अस्तित्वाशी निगडित असू शकतो, हे या घटनेने दाखवून दिले.

४. मळवली ते लोहगड : घाटमाथ्यावरील पहारा

औद्योगिक पट्ट्यातील भटक्यांची सर्वांत लोकप्रिय वाट म्हणजे मळवली स्थानकापासून भाजे गावमार्गे लोहगडाकडे जाणारी वाट होय. प्रथम भाजे लेणी लागतात. येथील चैत्यगृह सामान्यतः इ.स. पूर्व दुसऱ्या शतकातील मानले जाते. पुढे गायमुख खिंडीत आल्यावर एका बाजूस लोहगड व दुसऱ्या बाजूस विसापूर असे दोन दुर्ग दिसतात. लोहगड इ.स. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांकडे गेला व इ.स. १६७० मध्ये पुन्हा स्वराज्यात आला. गणेश, नारायण, हनुमान व महादरवाजा अशी त्याची दरवाजांची मालिका आणि विंचुकाट्याची लांब माची ही दुर्गरचनेची उत्तम उदाहरणे आहेत. इ.स. २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या १२ किल्ल्यांत लोहगडाचा समावेश आहे. बोरघाटाच्या मुखाशी लेणी प्रथम आली व दुर्ग नंतर आले. दोहोंचे प्रयोजन मात्र घाटमार्गावरील वाहतुकीशी निगडित होते.

५. कामगार, लोकल आणि सुटीचा दिवस

डोंगरावर केवळ आनंदासाठी जाणे ही सर्वसामान्यांच्या जीवनात तुलनेने अलीकडील बाब आहे. त्यासाठी साप्ताहिक सुटी, नियमित वेतन आणि स्वस्त प्रवास यांची गरज असते. या तिन्ही गोष्टी येथे औद्योगिकीकरणाने उपलब्ध करून दिल्या. खंडाळा-पुणे लोहमार्ग इ.स. १८५८ मध्येच सुरू झाला होता. इ.स. १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाल्यावर पिंपरी, चिंचवड व आकुर्डी येथील कामगाराला सकाळी निघून संध्याकाळी परतणे सहज शक्य झाले. या पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी रविवारऐवजी गुरुवारी असते. त्यामुळे येथील भटक्यांना गर्दी नसलेले डोंगर लाभले. तळेगाव दाभाडे येथे दीर्घकाळ राहिलेले गो. नी. दांडेकर यांच्या दुर्गविषयक लेखनाने गडांकडे पाहण्याची दृष्टी मराठी वाचकांना दिली. अशा रीतीने कारखान्यांनी डोंगरांना जसे वेढले, तसे डोंगरांना नवे पांथस्थही मिळवून दिले. हा दुहेरी परिणाम ध्यानात न घेता केवळ 'विकास विरुद्ध वारसा' अशी मांडणी करणे एकांगी ठरेल.

६. वाटेचा हक्क

येथे अभ्यासाचा कळीचा मुद्दा उपस्थित होतो. भाजे, कार्ले, लोहगड यांसारखी स्थळे केंद्रीय संरक्षित स्मारके आहेत. इ.स. २०१० च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित व त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. हे संरक्षण स्मारकाला मिळते. त्याच्याकडे गावातून जाणाऱ्या पाऊलवाटेला ते मिळत नाही. डोंगर शिल्लक राहिला आणि पायथ्याची वाट कुंपणाआड गेली, तर समाजाच्या दृष्टीने तो डोंगर नाहीसा झाल्यासारखाच आहे.

वाटा नाहीशा होण्याची प्रक्रिया समजून घेतली पाहिजे. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ अन्वये संपादित झालेली जमीन सर्व भारांपासून मुक्त होऊन शासनाकडे निहित होते. शेताच्या बांधावरून पिढ्यानपिढ्या चालत आलेली वहिवाट अशा संपादनानंतर आपोआप टिकत नाही. पुढे भूखंड पाडले जातात व नवे रस्ते आखले जातात. ते अवजड वाहनांसाठी असतात. गुराख्यासाठी वा वारकऱ्यासाठी नसतात. या प्रक्रियेत कोणाचाही दुष्ट हेतू असण्याची गरज नाही. वाटेची नोंद नसणे एवढेच पुरेसे होते.

यावर उपाय विद्यमान कायद्यातच आहे. महसूल खात्याच्या गाव नकाशांवर गाडीमार्ग व पायमार्ग तुटक रेषांनी दर्शविलेले असतात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १६५ मध्ये 'वाजिब-उल-अर्ज' या नोंदपत्रकाची तरतूद असून त्यात गावातील वाटेच्या रूढीगत हक्कांची नोंद करता येते. डोंगराकडे जाणाऱ्या वाटांची अशी नोंद ग्रामसभांच्या पुढाकाराने झाली, तर संपादन वा बांधकामाच्या वेळी त्या विचारात घ्याव्या लागतील. स्थानिक महाविद्यालयांचे इतिहास व भूगोल विभाग आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी या कामात वाटांचे नकाशे तयार करून मोलाचे साहाय्य करू शकतील.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील एकदिवसीय वाटा या प्राचीन मार्गव्यवस्थेचे अवशेष असून त्या स्वतंत्र ऐतिहासिक साधन म्हणून अभ्यासण्यास पात्र आहेत.

२) लेणी, दुर्ग, संतांची साधनास्थळे व आधुनिक कारखाने यांच्या स्थाननिश्चितीमागे मार्गांचे सातत्य हा समान धागा आढळतो.

३) औद्योगिकीकरणाने या वाटांना नवा भटका वर्ग दिला; त्याच वेळी जमीन संपादनाच्या प्रक्रियेने वाटांचे अस्तित्व धोक्यात आणले.

४) स्मारकांचे संरक्षण वाटांच्या नोंदीशिवाय अपुरे आहे. गाव नकाशा व रूढीगत हक्कांची नोंद हा त्यासाठी सर्वांत सुलभ उपाय आहे.

सिअगुतणिकेचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे, कारण तिने आपले दान दगडात कोरून ठेवले. ज्या वाटेने ती डोंगर चढली असेल, त्या वाटेची नोंद मात्र कोणी केली नाही. ती नोंद आता करणे हे या परिसरातील अभ्यासकांचे कर्तव्य ठरते.