मुक्या रोग्याची फी

एकाद्या मध्यमवर्गीय कुटुंबाची खर्चाची वही चाळली, तर ज्या घरीं कुत्रें किंवा मांजर आहे त्या घरच्या वहींत हल्लीं एक नवें कलम आढळतें. जनावर लंगडत नाहीं, खोकत नाहीं, अन्नहि टाकीत नाहीं. तरी वर्षांतून एकदां त्याला पशुवैद्याकडे न्यावयाचें, त्यानें दांत, कान, डोळे पाहावयाचे, छातीला नळी लावावयाची, वजन करावयाचें, आणि 'सर्व ठीक आहे' एवढें सांगितल्याबद्दल आपण त्याची फी द्यावयाची. आमच्या आजोबांच्या पिढीला हा व्यवहार विक्षिप्तपणाचा वाटला असता, आणि त्यांत त्यांचा दोषहि नव्हता. निरोगी जनावराच्या तपासणीला पैसे मोजण्याची कल्पना अगदींच अर्वाचीन आहे. आजारी कुत्र्यासाठीं पैसे मोजण्याची कल्पनासुद्धां फारशी जुनी नाहीं. या कल्पना जन्मास कशा आल्या आणि त्यांचा खर्च वेळोवेळीं कोणीं सोसला, हें पाहण्यासारखें आहे.

पशुवैद्यकाचा धंदा युरोपांत उदयास आला तो दयेपोटीं नव्हे. गुरांच्या साथींनीं फ्रान्सचें पशुधन नासत होतें, म्हणून १७६१ सालीं क्लोद बूर्जला यास लियाँ येथें पशुवैद्यकशाळा काढण्याची राजाज्ञा मिळाली. हा गृहस्थ मूळचा अश्वारोहणाच्या शाळेचा चालक. लंडनची शाळा १७९१ सालीं निघाली, आणि १७९३ पासून १८३९ पर्यंत एडवर्ड कोलमन तिचा मुख्य होता. त्याच्या अमदानींत तर ती जवळजवळ अश्ववैद्यकशाळाच होती. कारण उघड आहे. घोडा पलटणीस लागे, गाडीस लागे, नांगरास लागे. तो मेला म्हणजे धन्याचें भांडवल बुडे. घोड्याला बाजारांत किंमत होती, म्हणून त्याच्या वैद्याला फी होती. कुत्र्यांच्या दुखण्यांवर डेलाबिअर ब्लेन यानें १८१७ सालीं स्वतंत्र ग्रंथ लिहिला खरा, पण धनिकांचीं शिकारी कुत्रीं सोडलीं तर त्या विद्येला गिऱ्हाईक थोडें. मांजराची तर गोष्टच नको! उंदीर मारणें हें त्याचें काम, आणि एक मेलें तर दुसरें फुकट मिळे. हिशेब निर्दय खरा. पण निव्वळ हिशेब म्हणून त्यांत चूक नव्हती.

इंग्रजांचें राज्य मुंबईस आलें तेव्हां त्याच्याबरोबर हा हिशेबहि आला. येथें तर सरकारनें कुत्र्याची किंमत रोख ठरवून दिली होती. मात्र ती त्याच्या जगण्याची नसून मरणाची होती. १८१३ च्या हुकुमान्वयें वर्षांतील ठराविक दिवसांत मोकाट कुत्रीं मारण्याची मुभा असे, व दर कुत्र्यामागें आठ आणे बक्षीस मिळे. १८३२ सालीं ही मुदत वाढविण्यांत आली. बक्षिसाच्या लोभानें पाळलेल्या कुत्र्यांवरहि हात पडूं लागला, आणि जून महिन्याच्या ६ तारखेस, पारशी लोकांच्या एका पवित्र दिवशीं, हा प्रकार कोटांत चालू असतां लोकांचा संताप अनावर झाला. ज्यांच्या धर्मांत प्रेतावर कुत्र्याची दृष्टि पडल्यावांचून अंत्यविधि पुरा होत नाहीं, त्यांनीं हें मुकाट्यानें पाहावें अशी अपेक्षा कारभाऱ्यांनीं कशी केली, हें एक कोडेंच आहे. दुसऱ्या दिवशीं बाजार बंद पडला, दंगा झाला आणि लष्कर बोलवावें लागलें. या प्रकरणाच्या पाठोपाठ १८३४ सालीं जमशेटजी जिजीभाई आणि शहरांतील जैन व्यापारी यांच्या औदार्यानें मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. अशा संस्थांचा खर्च बहुधा व्यापारी आपल्या उलाढालीवर लागा बसवून भागवीत. कुत्र्याच्या मरणाचा खर्च सरकारी तिजोरींतून आणि जगण्याचा खर्च शेटजींच्या पेढीवरून, अशी ही वांटणी होती!

परंतु आसरा म्हणजे उपचार नव्हे. पांजरपोळानें मरण टाळलें. रोग तपासावयाला तेथें जाणता वैद्य असेच असें नाहीं. ती उणीव भरून येऊं लागली ती १८८० नंतरच्या दशकांत, परळ येथें सर दिनशा पेटिट यांच्या देणगीनें त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नांवें जनावरांचें इस्पितळ निघालें तेव्हां. त्याच्याच आश्रयानें १८८६ सालीं मुंबईचें व्हेटरिनरी कॉलेज सुरू झालें. येथेंहि पहिला मान गाडीच्या बैलांचा व घोड्यांचाच होता, हें सांगावयास नकोच.

कमावत्या जनावराचा वैद्य आणि निरुपयोगी जनावराचा दाता, असे हे दोन मार्ग वेगवेगळे चालले होते. त्यांची गांठ पडली, आणि ती गांठ भांडणाची ठरली, ती लंडनच्या पूर्वभागांतील व्हाइटचॅपल या गरीब वस्तींत. मारिया डिकिन ही एका धर्मोपदेशकाची मुलगी. दीनदुबळ्यांच्या समाचारासाठीं ती त्या भागांत जाई, तेव्हां माणसांच्या दुःखाशेजारींच तिला खरजेनें झडलेलीं कुत्रीं, मोडक्या पायांचीं मांजरें आणि जखमा झालेलीं ओझ्याचीं गाढवें दिसत. मालक क्रूर नव्हते. त्यांच्यापाशीं फी नव्हती, एवढेंच. पहिलें महायुद्ध चालू असतां, १९१७ च्या नोव्हेंबरांत, तिनें एका तळघरांत दवाखाना उघडला. बाहेर पाटी लावली: कोणतेंहि आजारी जनावर आणा, उपचारास पैसा पडणार नाहीं. युद्धाच्या धामधुमींत माणसांनाच पुरेसें अन्न मिळत नव्हतें. अशा वेळीं मांजरांच्या दवाखान्याची थट्टा करणारे पुष्कळ निघाले असतील. पण तळघर रोग्यांनीं भरून गेलें. पुढें १९२१ पासून फिरती गाडी सुरू झाली, १९२८ सालीं इल्फर्ड येथें मोठें इस्पितळ झालें, आणि ती संस्था आजमितीसहि गरजू मालकांच्या जनावरांवर उपचार करीत आहे.

नोंदलेल्या पशुवैद्यांना मात्र हा उपक्रम रुचला नाहीं. १८८१ च्या कायद्यानें 'पशुवैद्य' ही पदवी लावण्याचा अधिकार त्यांच्याकडे राखला होता. पण पदवी न लावतां उपचार करण्यास कोणासहि आडकाठी नव्हती. डिकिनबाईंच्या दवाखान्यांतील पुष्कळ मदतनीस संस्थेनेंच शिकवून तयार केलेले, कॉलेजांतून उत्तीर्ण झालेले नव्हेत. पशुवैद्यांचें म्हणणें असें कीं, अर्धवट शिकलेल्याच्या हातीं जनावर देणें ही दया नव्हे. बाईंचें म्हणणें असें कीं, तुम्हीं फी कमी केली असती तर आम्हांला तळघर उघडावें लागलें नसतें. आम्हांस वाटतें, पहिल्या पक्षाचें म्हणणें शास्त्राच्या दृष्टीनें बिनतोड होतें. रोगनिदान ही हौसेची गोष्ट नाहीं, आणि मुका रोगी तर आपली वेदना सांगूंहि शकत नाहीं. पण ज्या रोग्यांना त्या विद्वानांनीं कधीं दारांतहि घेतलें नव्हतें, त्यांच्या हिताचा कैवार घेण्याचा त्यांचा अधिकार कितपत होता? १९४८ च्या नव्या कायद्यानें पदवीहीनांच्या उपचाराची वाट बहुतांशी बंद झाली, व धर्मार्थ संस्थांनाहि शिकलेले वैद्य नेमणें भाग पडलें. ही सुधारणा योग्यच झाली. फी कोणीं द्यावयाची हा प्रश्न मात्र कायद्यानें जेथल्या तेथेंच ठेवला.

इतकें झालें तरी निरोगी जनावर दवाखान्याची पायरी चढत नव्हतें. तें चढूं लागलें सुईमुळें. डिस्टेंपर नांवाच्या सांथीनें इंग्लंडांत शिकारी कुत्र्यांचे कळपच्या कळप नष्ट होत. १९२३ सालीं 'फील्ड' या शिकारी लोकांच्या पत्रानें फंड उभारला, व त्या पैशावर लेडलॉ आणि डंकिन या दोघां शास्त्रज्ञांनीं त्या दशकाच्या अखेरीस लस सिद्ध केली. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा लसी घरोघरच्या कुत्र्यांपर्यंत पोंचल्या. १९७८ च्या सुमारास पार्वो नांवाचा नवाच विषाणु जगभर पसरला, पिलें पटापट दगावलीं, आणि मालकांच्या मनांत लशीचें महत्त्व पक्कें ठसलें. दरमहा नव्हे, पण दरसाल दवाखान्यांत जाण्याचा परिपाठ पडला. आणि सुई टोंचण्यापूर्वीं वैद्यानें जनावर एकदां नीट पाहावें, हें ओघानेंच आलें. मालकाला वाटे, आपण लशीचे पैसे देतों. वस्तुतः त्याच पैशांत हृदयाचा ध्वनि, दांतांची कीड आणि वाढत जाणारी चरबी यांची तपासणी होऊन जाई.

पुढें शास्त्रानेंच ही गांठ सोडविली. २००३ सालीं अमेरिकेंतील तज्ज्ञांनीं असा अभिप्राय दिला कीं, प्रौढ कुत्र्यांना डिस्टेंपर, पार्वो वगैरे मुख्य लसी दरसाल नकोत, तीन वर्षांनीं दिल्या तरी पुरे. वार्षिक तपासणी मात्र हवीच. आतां लशीच्या पदराखालीं झांकलेली ती तपासणीची फी उघडी पडली, आणि मालक विचारूं लागला, 'मग मी हे पैसे कशाचे देतों?' प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तरहि आहे. मांजर दुखणें लपवितें. मूत्रपिंडाचा पुष्कळसा भाग निकामी होईपर्यंत बाहेरून कांहीं दिसत नाहीं. सात-आठ वर्षांच्या कुत्र्याचें एक वर्ष म्हणजे माणसाचीं कित्येक वर्षें. वेळींच सांपडलेल्या रोगाचा खर्च आणि उशिरां सांपडलेल्याचा खर्च यांतील अंतर ज्यानें एकदां भरलें आहे, त्याला अधिक सांगणें नको. विम्याचाहि येथें फारसा उपयोग होत नाहीं, कारण विमा अपघातांचा व आजारांचा असतो. आजार नाहीं हें पाहण्याच्या खर्चाला साध्या विम्यांत बहुधा जागा नसते. आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या नसबंदीचा आणि लशीचा भार २००१ च्या नियमांनीं स्थानिक संस्थांवर टाकला. आठ आण्यांच्या बक्षिसापासून येथवर यावयास मुंबईला पावणेदोनशेंहून अधिक वर्षें लागलीं.

आणि ब्रिटनमध्यें, जेथें डिकिनबाईंनीं पाटी लावली तेथें, कथेला निराळेंच वळण लागलें आहे. २०१३ सालीं तेथील सुमारें १० टक्के पशुवैद्यकीय दवाखाने मोठ्या कंपन्यांच्या मालकीचे होते; दहा वर्षांच्या आंत तो आंकडा ६० टक्क्यांच्या घरांत गेला. गल्लींतला वैद्य तोच, पाटीवरचें नांवहि पुष्कळदां तेंच. नफा मात्र दूरच्या भागधारकांकडे. फीविषयींच्या तक्रारी वाढल्यावर २०२३ च्या सप्टेंबरांत सरकारच्या स्पर्धा-नियामक मंडळानें चौकशी आरंभिली, तेव्हां छपन्न हजारांहून अधिक उत्तरें आलीं. पुढें असें दिसून आलें कीं २०१६ ते २०२३ या अवधींत तेथील पशुवैद्यकीय सेवांचे दर सरासरीनें ६३ टक्क्यांनीं चढले होते. कोठें काय फी पडेल हें आधीं कळावें, एवढीच पुष्कळांची मागणी होती. आणि मंडळानें पाहणी केली तेव्हां ८० टक्क्यांहून अधिक दवाखान्यांनीं आपले दर संकेतस्थळावर कोठेंच दिलेले नव्हते.