जेलच्या आवारातल्या दोन समाध्या

आजचा विषय जरा वेगळा आहे. पुण्यात राजकारणी माणसं पुरलीत कुठे? म्हणजे परदेशात कसं, एखाद्या जिल्ह्याच्या कब्रस्तानांतून चक्कर मारली की जुने खासदार, मंत्री, महापौर सगळे दगडावर नाव कोरून ओळीनं सापडतात. आपल्याकडे बहुतेकांना अग्नी देतात, राख नदीत जाते, आणि मागे उरतो चौकातला पुतळा. त्यामुळे यादी करायला बसलं की पंचाईत होते. महादजी शिंदे १७९४ मध्ये वानवडीला गेले, तिथे त्यांची छत्री आहे. टिळक म्हणजे पक्के पुण्याचे, पण १ ऑगस्ट १९२० ला वारले मुंबईत, आणि अग्नीही दिला गिरगाव चौपाटीवर. पुण्याच्या वाट्याला ती जागा आलीच नाही.

पण आपण विश्रांतवाडीवाले आहोत, आपल्याला फार लांब जायची गरज नाही. जेल रोडनं येरवड्याकडे निघा. वाटेत येरवडा जेल लागतं, ते तुम्हाला माहीतच आहे. चापेकर बंधूंना तिथेच फाशी दिली आणि १९३२ चा पुणे करारही तिथलाच. पुढे नगर रोडला लागून रामवाडीच्या दिशेनं गेलं की आगाखान पॅलेस. शाळेच्या सहलीत आपण सगळे तिथे जाऊन आलोय. लॉनवर डबा खाल्लाय. मागच्या बाजूच्या दोन समाध्यांसमोर मात्र किती जण नीट उभे राहिलो, हे आपलं आपल्यालाच ठाऊक.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि ९ तारखेला पहाटेच धरपकड सुरू झाली. गांधीजींना येरवडा जेलमध्ये न ठेवता या महालात आणलं. तिसऱ्या आगाखानांनी १८९२ मध्ये बांधलेला हा राजवाडा सरकारनं जेल करून टाकला. भोवती काटेरी तारा, बाहेर पहारा. आत गांधीजी, त्यांचे सेक्रेटरी महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू, मीराबेन. मागोमाग कस्तुरबा आणि डॉ. सुशीला नय्यर.

आठवडा पण झाला नव्हता. १५ ऑगस्ट १९४२, सकाळ. महादेवभाईंना हार्ट अटॅक आला आणि ते गेले. वय ५०. जवळजवळ पंचवीस वर्षं ते गांधीजींची सावली होते. पत्रं, भाषणं, डायरी, सगळं त्यांच्या हातून जायचं. गांधीजी त्यांना नावानं हाका मारत राहिले. एकदा डोळे उघडून माझ्याकडे बघितलं तर उठेल, असं त्यांना वाटत होतं.

खरी गोष्ट पुढे आहे. देह बाहेर द्यायला सरकार तयार नव्हतं. आंदोलन पेटलेलं, त्यात प्रेतयात्रा निघाली तर काय होईल? ही भीती जुनीच. १९२९ मध्ये जतीन दास उपोषणात गेले, तेव्हा कलकत्त्यात लाखो लोक रस्त्यावर आले होते. १९३१ मध्ये भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांचे देह तर रातोरात सतलजकाठी नेऊन जाळले. राजगुरू आपल्या खेडचे, पण शेवटचं दर्शन घरच्यांना मिळालं नाही. महादेवभाईंनाही महालाच्या आवारातच अग्नी दिला. घरचं कुणी नव्हतं. चिता पेटवली गांधीजींनी. नंतर ते रोज फुलं घेऊन त्या जागी जायचे.

दीड वर्षानं बा. आता कुणी म्हणेल, बा राजकारणी कुठे? तर १९१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी तीन महिने सक्तमजुरी भोगली होती. १९३९ मध्ये राजकोटच्या सत्याग्रहात पुन्हा अटक. १९४२ मध्ये नवऱ्याला पकडल्यावर शिवाजी पार्कच्या सभेत त्या बोलणार होत्या, म्हणून तर त्यांना धरलं. 'गांधींची बायको' एवढीच ओळख ठेवणं हा आपला आळस आहे.

२२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्र. संध्याकाळी बा गेल्या. आणि त्याच रात्री, साठ वर्षांहून जास्त संसार केलेल्या माणसाला सरकारला पर्याय सांगावे लागले. एक, देह मुलांच्या आणि नातेवाइकांच्या ताब्यात द्या आणि अंत्ययात्रेत लुडबुड करू नका. ते नको असेल तर महादेवसारखं इथेच करू, पण नुसते नातेवाईक नकोत, स्नेह्यांनाही येऊ द्या. तेही जमत नसेल तर भेटायला आलेले सगळे परत जातील, आम्ही कैदीच उरकू. सरकारनं दुसरा पर्याय घेतला. साधारण दीडशे माणसांना आत सोडलं.

दुसऱ्या दिवशी देवदासनं अग्नी दिला. अंगावर गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी होती. चितेच्या चंदनाबद्दल सांगितलं जातं ते ऐकून मला कसंतरीच झालं. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी इथे २१ दिवसांचं उपोषण केलं, तेव्हा ते जातील असं धरून सरकारनं लाकूड आणून ठेवलं होतं. तेच बांसाठी वापरलं.

६ मे १९४४ ला गांधीजी सुटले. निघताना समाध्यांवर फुलं वाहिली आणि सरकारला आणखी एक पत्र लिहिलं. ही एवढी जागा सरकारनं ताब्यात घ्यावी, आणि ज्यांना यायचंय त्यांना आगाखानांच्या आवारातून वाट ठेवावी. दोन माणसं गेली, त्यांच्यासाठी मागितलं काय तर जमिनीचा तुकडा आणि पायवाट.

समाध्यांचं आजचं रूप वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचं, १९६० च्या दशकातलं. १९६९ मध्ये चौथ्या आगाखानांनी सगळा महालच देशाला देऊन टाकला. पुढे गांधीजींच्या अस्थींचा काही भागही इथे ठेवला गेला. २००३ पासून हे राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक आहे, त्यामुळे शंभर मीटरच्या आत बांधकामाला बंदी. म्हणूनच वनाज–रामवाडी मेट्रो आधी महालासमोरून सरळ जाणार होती, ती कल्याणीनगरकडे वळवावी लागली. पुढच्या वेळी रामवाडीला जाताना गाडी वळली की मोबाईलमधून मान वर करून बघा.