व्यक्तिनामांची परंपरा : बारशापासून राजपत्रापर्यंत

हिंदू संस्कृतीमध्ये सांगितलेल्या सोळा संस्कारांपैकी नामकरण हा एक महत्त्वाचा संस्कार मानला जातो. नवजात बालकाला समाजात स्वतंत्र ओळख देणारा हा पहिलाच विधी होय. व्यक्तीच्या नावावरून तिच्या कुळाची, प्रदेशाची, उपास्य दैवताची आणि अनेकदा तिच्या जन्माच्या वेळी कुटुंबात असलेल्या परिस्थितीचीही कल्पना येते. मात्र काही नावांमागे आनंदाऐवजी भीती, नाराजी किंवा सामाजिक विषमताही दडलेली आढळते. राजधानी दिल्ली, तिच्या परिसरातील राज्ये आणि महाराष्ट्र या भागांतील उदाहरणांवरून या परंपरेचा परिचय करून घेता येतो.

शास्त्रग्रंथांतील नियम

गृह्यसूत्रांमध्ये नामकरणाविषयी सविस्तर नियम दिलेले आहेत. मुलाचे नाव सम अक्षरांचे म्हणजे दोन किंवा चार अक्षरांचे असावे आणि मुलीचे नाव विषम अक्षरांचे असावे, असे त्यांत सांगितले आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात जन्मानंतर दहाव्या किंवा बाराव्या दिवशी नाव ठेवण्याचा निर्देश आहे. याच अध्यायात मुलीचे नाव उच्चारण्यास सोपे, स्पष्ट अर्थाचे, मनाला आनंद देणारे, मंगलसूचक आणि दीर्घ स्वराने संपणारे असावे, असेही म्हटले आहे.

त्याच ठिकाणी वर्णांनुसार नावांचे भेद सांगितले आहेत. ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे नाव निंदासूचक असावे, असा तो नियम आहे. म्हणजेच नावाद्वारे व्यक्तीचे सामाजिक स्थान जन्मतःच निश्चित करण्याचा प्रयत्न प्राचीन काळापासून होत आला आहे.

परंपरेनुसार बालकाला चार प्रकारची नावे दिली जात असत. कुलदैवताशी संबंधित नाव, जन्ममासावरून येणारे नाव, जन्मनक्षत्रावरून येणारे नाव आणि नित्य वापराचे व्यावहारिक नाव, असे हे चार प्रकार होत. पंचांगात २७ नक्षत्रांच्या प्रत्येकी चार चरणांनुसार १०८ आद्याक्षरे दिलेली असतात. उदाहरणार्थ, अश्विनी नक्षत्राच्या चार चरणांना चू, चे, चो आणि ला ही अक्षरे येतात. नक्षत्रनाम हे मुख्यतः पत्रिका आणि धार्मिक विधींपुरते वापरले जाते. त्यामुळे एकाच व्यक्तीचे पत्रिकेतील नाव आणि शाळेच्या दाखल्यावरील नाव वेगवेगळे असणे ही सामान्य गोष्ट आहे.

बारसे आणि आत्याचा मान

महाराष्ट्रात हा विधी बाराव्या दिवशी होत असल्याने त्याला बारसे असे नाव पडले. सुवासिनी बाळाला पाळण्याच्या खालून आणि वरून एकमेकींच्या हाती देतात, पाळणा म्हटला जातो आणि बाळाची आत्या त्याच्या कानात नाव सांगते. उपस्थितांना घुगऱ्या वाटण्याची प्रथा आहे. दिल्ली आणि तिच्या आसपासच्या हिंदी व पंजाबी भाषक कुटुंबांतही नामकरणाच्या प्रसंगी वडिलांच्या बहिणीला, म्हणजे बुआला, मान दिला जातो.

नाव निवडताना आजोबांचे किंवा पणजोबांचे नाव नातवाला देण्याची पद्धत मराठी कुटुंबांत दीर्घकाळ रूढ होती. पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्या नातवाचे, म्हणजेच नानासाहेब पेशव्यांचे, नाव बाळाजी बाजीराव असे होते. छत्रपती शाहू महाराजांचे जन्मनावही आजोबांच्या नावावरून शिवाजी असेच ठेवण्यात आले होते. पूर्वी सुना सासऱ्याचे नाव उच्चारत नसत. त्यामुळे आजोबांचे नाव मिळालेल्या मुलाला घरात बाळ, बापू, अण्णा, नाना अशा दुसऱ्याच नावाने हाक मारली जाई आणि पुढे तेच नाव रूढ होत असे. लोकमान्य टिळकांचे मूळ नाव केशव होते, परंतु ते बाळ याच नावाने देशभर परिचित झाले.

नवस आणि श्रद्धा

देवतांची नावे ठेवण्यामागे केवळ भक्ती नसून एक धारणाही आहे. मुलाला हाक मारताना देवाचे नामस्मरण घडते, असे मानले जाते. भागवत पुराणातील अजामिळाची कथा याच संदर्भात सांगितली जाते. मृत्युसमयी त्याने आपल्या नारायण नावाच्या मुलाला हाक मारली आणि त्या नामोच्चारामुळे त्याचा उद्धार झाला, अशी ही कथा आहे.

नवसामुळे मिळालेल्या नावांना धर्माची मर्यादा राहिलेली नाही. मालोजीराजे भोसले यांनी अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथील शाह शरीफ या पीराला नवस केला होता आणि त्यावरून आपल्या दोन मुलांची नावे शहाजी व शरीफजी अशी ठेवली, असे परंपरा सांगते. छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव शिवनेरी गडावरील शिवाई देवीवरून ठेवण्यात आले, अशीही श्रद्धा आहे.

धोंडू, दगडू आणि भिकाजी

बालमृत्यूंचे प्रमाण मोठे होते त्या काळातील भीतीचे प्रतिबिंब काही नावांमध्ये दिसते. लागोपाठ अपत्ये दगावल्यानंतर जन्मलेल्या मुलाला धोंडू, दगडू, केरू अशी नावे दिली जात. सुंदर नावाच्या मुलाकडे मृत्यूचे किंवा दुष्ट शक्तीचे लक्ष जाते, परंतु दगडाला किंवा केरकचऱ्याला कोणी हात लावत नाही, अशी यामागील समजूत होती. मूल देवाकडून भिक्षा म्हणून मागून घेतले या भावनेतून भिकाजी, भिकू, भिकी ही नावे आली. मुलाचे नाक टोचून त्यात नथ घालण्याच्या प्रथेवरून नथू हे नाव रूढ झाले. उत्तर भारतातही घुरहू, फेकू, छेदी आणि नत्थू ही नावे याच समजुतीतून ठेवली गेली. ही नावे तिरस्काराची वाटत असली, तरी मूल जगावे ही आईवडिलांची तळमळच त्यांमागे होती.

नकोशी आणि भतेरी

मुलींच्या बाबतीत मात्र अशाच प्रकारच्या नावांचा अर्थ पूर्णपणे वेगळा होतो. लागोपाठ मुली झालेल्या कुटुंबांत शेवटच्या मुलीचे नाव नकोशी किंवा नकुसा असे ठेवण्याची प्रथा महाराष्ट्राच्या काही भागांत होती. असे नाव ठेवल्यास पुढील अपत्य मुलगा होईल, असा समज होता. सातारा जिल्ह्यात अशा मुलींचा शोध घेण्यात आला आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजी झालेल्या कार्यक्रमात २८५ मुलींना नवीन नावे देऊन त्यांची प्रमाणपत्रे प्रदान करण्यात आली.

हरियाणा आणि राजधानी परिसरातील ग्रामीण भागांतही या प्रथेचे समांतर रूप आढळते. भतेरी म्हणजे पुष्कळ झाल्या, काफी म्हणजे पुरे आणि अंतिम म्हणजे शेवटची, ही तेथील मुलींची नावे आहेत. हरियाणातील हिसार जिल्ह्यातील कुस्तीपटू अंतिम पंघाल ही आपल्या आईवडिलांची चौथी मुलगी. यापुढे मुलगी नको या इच्छेतून तिचे नाव ठेवण्यात आले होते. सन २०२२ मध्ये तिने २० वर्षांखालील जागतिक कुस्ती स्पर्धेत सुवर्णपदक पटकावले. असे यश मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

या नावांची सांगड लोकसंख्येच्या आकडेवारीशी घालता येते. सन २०११ च्या जनगणनेनुसार सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या हरियाणात ८३४, दिल्लीत ८७१ आणि महाराष्ट्रात ८९४ होती. बेटी बचाओ, बेटी पढाओ या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ २२ जानेवारी २०१५ रोजी हरियाणातील पानिपत येथून करण्यात आला. मुलीचे नाव अर्थपूर्ण आणि मंगलसूचक असावे असे सांगणारी परंपरा ज्या समाजाने जपली, त्याच समाजात ही नावे प्रचलित झाली, ही बाब लक्षणीय आहे.

आडनावांचा इतिहास

मराठी आडनावे सर्वसाधारणपणे गाव, व्यवसाय आणि वतन यांवरून तयार झाली आहेत. गावाच्या नावाला कर हा प्रत्यय लागून असंख्य आडनावे बनली. कुलकर्णी, देशपांडे, देशमुख आणि पाटील ही आडनावे वतनांवरून, तर जोशी, सोनार, सुतार ही व्यवसायांवरून आली.

भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे आडनाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे या त्यांच्या मूळ गावाशी निगडित आहे. त्यांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारा येथील शाळेत त्यांचा प्रवेश झाला, तेव्हा पटावर भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद झाली. जातिव्यवस्थेने निंदासूचक नावे नेमून दिलेल्या समाजातील या विद्यार्थ्याचे नाव पुढे भारतीय राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून देशाच्या इतिहासात नोंदले गेले. दिल्लीतील २६, अलीपूर मार्ग या निवासस्थानी ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. त्या ठिकाणी आता राष्ट्रीय स्मारक उभारण्यात आले आहे. सातारा येथील शाळाप्रवेशाचा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा केला जातो.

दिल्लीतील मराठी नाव

स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ही मराठी नावाची त्रिपदी रचना होय. उत्तर भारतात मात्र मधल्या स्थानी कुमार, सिंह, देवी, कुमारी असे शब्द येतात आणि वडिलांचे नाव अर्जातील स्वतंत्र रकान्यात लिहिले जाते. यामुळे महाराष्ट्रातून दिल्लीत स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या कागदपत्रांत तफावत निर्माण होण्याची शक्यता असते. एका दाखल्यावर वडिलांचे नाव मध्ये येते, तर दुसऱ्यावर ते गाळलेले असते. विवाहानंतर मुलीचे आडनावच नव्हे तर पहिले नावही बदलण्याची प्रथा अनेक मराठी घराण्यांत होती. ताटातील तांदळांत अंगठीने नवे नाव लिहिण्याचा विधी त्यासाठी केला जाई. अशा वेळी शिक्षणाची प्रमाणपत्रे एका नावाने आणि बँकेचे खाते दुसऱ्या नावाने, अशी स्थिती उद्भवते. स्त्रीने विवाहानंतर नाव बदललेच पाहिजे, असे बंधन कायद्यात नाही.

कायद्यातील तरतुदी

जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये जन्माची माहिती २१ दिवसांच्या आत निबंधकाला देणे अपेक्षित आहे. त्या वेळी बाळाचे नाव ठरलेले नसल्यास नावाशिवायही नोंद करता येते आणि नाव पुढे समाविष्ट करता येते. यासाठी १२ महिन्यांपर्यंत शुल्क आकारले जात नाही. सन २०२३ मध्ये या कायद्यात दुरुस्ती करण्यात आली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना आदी कामांत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा मानला जातो. त्यामुळे पहिल्या नोंदीतील नावाचे महत्त्व वाढले आहे.

प्रौढ व्यक्तीस नाव बदलावयाचे असल्यास प्रतिज्ञापत्र करणे, वृत्तपत्रात जाहिरात देणे आणि त्यानंतर राजपत्रात सूचना प्रसिद्ध करणे, असे टप्पे आहेत. केंद्राच्या राजपत्राचे काम दिल्लीतील सिव्हिल लाइन्स येथील प्रकाशन विभागामार्फत चालते. ३ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शालेय प्रमाणपत्रांतील नावांसंबंधीच्या खटल्यात, नाव हा व्यक्तीच्या ओळखीचा घटक असून त्यावरील अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी निगडित आहे, असे स्पष्ट केले. मात्र त्यावर वाजवी नियम असू शकतात, असेही न्यायालयाने नमूद केले.

महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार, १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय दस्तऐवजांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव हा क्रम बंधनकारक करण्यात आला आहे. यामुळे मराठी नावाच्या त्रिपदी रचनेत आईच्या नावाला प्रथमच अधिकृत स्थान मिळाले. बारशाच्या दिवशी नाव सुचविण्याचा मान आत्याकडे असला, तरी त्या नावात बाळाच्या आईचा उल्लेख आजवर नव्हता. नव्या पिढीच्या दाखल्यांवर तो आता कायमचा राहणार आहे.