आइस हॉकी स्केट्स : निवड आणि पायाशी जुळणी

आइस हॉकी स्केट्स : बर्फावरील हॉकीच्या खेळात वापरले जाणारे, तळाशी पोलादी पाते असलेले कडक बूट. स्केटचे मुख्य भाग तीन : पाय धरून ठेवणारा बूट, बुटाच्या तळाला रिव्हेटांनी पक्का केलेला प्लॅस्टिकचा होल्डर आणि होल्डरमध्ये बसणारे सुमारे ३ मिमी. जाडीचे पाते. पाते झिजले तर बदलता येते, होल्डर तडकला तर नवा बसवता येतो. बूट मात्र एकदा चुकला की चुकलाच. म्हणून नवी जोडी घेताना पात्याच्या चकाकीपेक्षा बुटाच्या आतल्या पोकळीकडे पाहावे लागते. ती पोकळी पायाच्या आकाराशी जितकी जुळेल, तितका मांडीचा आणि घोट्याचा जोर वाया न जाता बर्फापर्यंत पोचतो. पाय आत हलू लागला, की तो जोर बूट सावरण्यातच खर्च होतो.

फिगर स्केटिंगच्या पात्याला पुढे दाते असतात आणि वेगाच्या शर्यतीचे पाते लांब व जवळजवळ सरळ असते. हॉकीचे पाते आखूड आणि दोन्ही टोकांना वर वळलेले असते, कारण या खेळात एकदम थांबणे, वळणे आणि पाठमोरे सरकणे सतत चालू असते. गोलरक्षकाचे स्केट वेगळेच : पाते अधिक जाड, अधिक सपाट आणि बर्फाला जवळ, घोट्याभोवतीचा बूट ठेंगणा. खालील विवेचन मुख्यतः गोलरक्षकाखेरीज इतर खेळाडूंच्या स्केट्सविषयी आहे.

इतिहास : बंदिस्त रिंकवरचा पहिला नोंदलेला संघटित सामना ३ मार्च १८७५ रोजी कॅनडातील माँट्रिऑल येथे व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकवर झाला. त्या काळी खेळाडू रोजच्या चामडी बुटाखालीच स्केट अडकवीत. नोव्हा स्कोशिया प्रांतातील स्टार मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचे ‘ॲक्मे’ स्केट १८६०च्या दशकात बाजारात आले; त्यात पट्टे आणि स्क्रू यांच्याऐवजी एका तरफेने स्केट बुटाला घट्ट धरले जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी मॅनिटोबातील ब्रँडन येथील बूट-कारागीर जॉर्ज टॅकबेरी यांनी जो हॉल या खेळाडूसाठी टाच आणि तळव्याची कमान यांना आधार देणारा, कांगारूच्या चामड्याचा खास बूट शिवला. या बुटांची कीर्ती इतकी पसरली की टॅकबेरींच्या निधनानंतर १९३७ मध्ये सीसीएम कंपनीने त्यांचे हक्क घेतले. ‘टॅक्स’ हे नाव आजही त्या कंपनीच्या स्केट्सवर आहे. १९२७ मध्ये आँटॅरिओतील किचनर येथे बाउअर कंपनी सुरू झाली आणि बुटाला कायमचे जोडलेले पाते तिने रूढ केले. १९७०च्या दशकात धातूच्या होल्डरची जागा प्लॅस्टिकने घेतली. पुढे चामडे मागे पडून कार्बन तंतूंचे संमिश्र पदार्थ आले. चामडी बूट वापरता वापरता पायाच्या वळणावर येई. आजचे कडक बूट तितके नमते घेत नाहीत, त्यामुळे खरेदीच्या वेळची पारख पूर्वीपेक्षा अधिक मोलाची झाली आहे.

लांबीचे माप : सर्वांत जास्त फसगत इथे होते. स्केटचा क्रमांक नेहमीच्या बुटाच्या अमेरिकी क्रमांकापेक्षा साधारण एक ते दीडने लहान असतो. भारतात बुटांवर बहुधा ब्रिटिश पद्धतीचा क्रमांक असतो आणि पुरुषांचा अमेरिकी क्रमांक त्याहून सुमारे एकाने मोठा येतो. म्हणजे भारतीय ८ क्रमांकाचा बूट घालणाऱ्याचा अमेरिकी क्रमांक साधारण ९ आणि स्केट साडेसात ते आठच्या आसपास. ‘दीड कमी करा’ एवढेच ऐकून भारतीय क्रमांकातून दीड वजा केला, तर स्केट हमखास लहान निघते. स्त्रियांचा अमेरिकी क्रमांक पुरुषांच्या क्रमांकापेक्षा साधारण दीडने मोठा असतो, तर स्केट्स बहुतेक पुरुषांच्या मोजणीनेच विकली जातात. तेव्हा स्त्रियांनी हा फरकही धरावा. सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे दोन्ही पावलांची लांबी मिलिमीटरमध्ये मोजून ती त्या कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहणे. पाय दिवसभरात किंचित सुजतो, म्हणून माप संध्याकाळी घ्यावे. दोन पायांच्या लांबीत फरक असेल, तर मोठा पाय प्रमाण मानून लहान पायाच्या बाजूला इनसोलने भर घालतात.

रुंदी, खोली आणि टाच : सारख्या लांबीच्या दोन पावलांची घडण अगदी निराळी असू शकते. एकाचा चवडा पसरट, टाच निमुळती. दुसऱ्याचे पाऊल सरळसोट पण वरचा उंचवटा मोठा. पूर्वी रुंदी डी आणि ईई अशा अक्षरांनी दाखवीत. २०२० पासून बाउअरने फिट १, फिट २, फिट ३ अशी वर्गवारी आणली. त्यात केवळ रुंदी नव्हे, तर बुटाचे एकूण आकारमान धरलेले असते. सीसीएममध्ये निमुळता, नेहमीचा आणि रुंद असे प्रकार आहेत. अनेक मोठ्या दुकानांत आता पायाची त्रिमितीय प्रतिमा घेणारे स्कॅनर असतात. यंत्राने सुचवलेला प्रकार आधी घालून पाहावा, पण अखेरचा शब्द पायाचा असू द्यावा.

या सगळ्यात टाच सर्वांत महत्त्वाची. चवड्याला किंचित सैल असलेले स्केट निभावून नेता येते, टाच उचलणारे मुळीच नाही. टाच वर-खाली झाली की कातडी सोलवटते, मागच्या हाडावर हळूहळू उंचवटा धरतो आणि वळताना पात्याच्या कडेवरचा ताबा सुटतो. दुकानात फक्त एकाच गोष्टीची खात्री करण्याइतका वेळ असेल, तर ती टाचेची करावी.

घालून पाहणे : खेळताना वापरायचे तेच पातळ मोजे घालून जावे, जाड लोकरी मोज्याने माप बिघडते आणि घामाने पाय उलट लवकर गारठतो. लेस पुरती सैल करून पाय आत सरकवावा, पात्याचे मागचे टोक जमिनीवरील रबरी पट्टीवर हलके आपटून टाच मागे बसवावी आणि मग खालपासून वर लेस आवळत यावे. ताठ उभे राहिल्यावर बोटांची टोके पुढच्या कडक टोपीला जेमतेम टेकली पाहिजेत. गुडघे वाकवून खेळाच्या पवित्र्यात गेले की ती किंचित मोकळी होतात. उभ्याने बोटे दुमडत असतील तर बूट लहान. टेकतच नसतील तर मोठा. रोजच्या बुटांची सवय असलेल्याला योग्य मापाचे स्केट पहिल्यांदा हमखास आखूड वाटते. तेवढ्यावरून पुढचा क्रमांक मागू नये.

बुटाची खोली पाहण्याची दुकानदारांची जुनी रीत साधी आहे. लेस न आवळता, जीभ पुढे ओढून, वरून तिसऱ्या छिद्रांच्या जोडीवर आडवी पेन्सिल ठेवायची. ती दोन्ही कडांवर सपाट बसली तर खोली पुरेशी; पायाच्या उंचवट्याला लागून डुगडुगली तर बूट उथळ आहे. असा बूट लेस आवळताच पावलाच्या वरच्या शिरा आणि स्नायुबंध दाबतो. लेस बांधल्यावर छिद्रांच्या दोन रांगा एकमेकींना समांतर आणि साधारण ४ ते ५ सेंमी. अंतरावर असाव्यात. रांगा एकमेकींना भिडत आल्या, तर बूट पायाच्या मानाने फार प्रशस्त समजावा. यानंतर स्केट्स काढू नयेत. पंधरा-वीस मिनिटे ती घालूनच बसावे, उठावे, वाकावे. सगळीकडून सारखा दाब जाणवणे चांगले. एकाच ठिकाणी टोचणे किंवा बोटांना मुंग्या येणे ही नकाराची खूण.

बॉबी ऑर मोज्यांशिवाय खेळत आणि पॉल कॉफी आपल्या मापापेक्षा बरीच लहान स्केट्स घालत, हे हॉकीच्या चाहत्यांना ठाऊक असते. हे दोघेही असामान्य स्केटर होते आणि पायाला काय सोसते हे त्यांनी वर्षानुवर्षे खेळून ठरवले होते. नवख्याने त्यांचे अनुकरण करू नये.

बेक करणे : आजच्या बहुतेक स्केट्सचे कवच उष्णतेने मऊ होते. दुकानातील खास भट्टीत सुमारे ८० अंश सेल्सिअसला काही मिनिटे बूट तापवून तो खेळाडूच्या पायात चढवतात. नेमके तापमान आणि वेळ प्रत्येक मॉडेलनुसार ठरलेली असते, म्हणून घरच्या ओव्हनमध्ये प्रयोग करू नये. डिंक सुटून बुटाचे थर वेगळे होऊ शकतात. तापलेल्या बुटाची लेस बाहेरच्या दिशेने ओढावी, वर खेचल्यास मऊ कवचातून छिद्रांच्या कड्या उपटतात. मग दहा-पंधरा मिनिटे गुडघे किंचित पुढे ठेवून बसून राहावे. या वेळात उभे राहू वा चालू नये. बूट पूर्ण निवून घट्ट होण्यासाठी एक दिवस जाऊ द्यावा. बेक केल्याने पहिल्या काही खेळांचा त्रास बराच कमी होतो, पण चुकीचे माप बरोबर होत नाही. आखूड बूट लांब होणार नाही आणि ढगळ बूट आवळून येणार नाही. काही विक्रेते ‘बेक केल्यावर बसेल’ असे सांगून हाती असलेला माल खपवतात. अशा सांगण्याला भुलू नये.

दुखणी : घोट्याचे हाड, करंगळीच्या मुळाचा उंचवटा किंवा अंगठ्याचा सांधा बुटाला घासत असेल, तर कारागीर तेवढाच भाग तापवून आतून दाबयंत्राने बाहेर काढून देतो. घोट्याच्या पुढे, लेस आवळली जाते त्या ठिकाणी, स्नायुबंधाला सूज येऊन तीव्र वेदना होणे ही हॉकीपटूंची जुनी व्याधी आहे. वरचे छिद्र मोकळे सोडणे आणि जाड वा लवचीक जीभ बसवणे हे तिच्यावरचे नेहमीचे उपाय. उरलेली लेस घोट्याभोवती गुंडाळून बांधण्याची सवय तर मुळीच लावू नये. सुरुवातीच्या दिवसांत तळव्याच्या कमानीत गोळे येतात, कारण नवखा खेळाडू तोल सावरण्यासाठी बोटे आवळून धरतो. हे बहुधा सरावाने थांबते. न थांबल्यास कमानीला आधार देणारा इनसोल घालून पाहावा.

कडकपणा आणि किंमत : प्रत्येक कंपनीच्या मालिकेत वरच्या किमतीचा बूट हलका आणि अधिक कडक असतो. तो जोरकस, रोज सराव करणाऱ्या खेळाडूसाठी बनवलेला असतो. कमी वजनाच्या किंवा नवशिक्या खेळाडूला तो घोट्यातून वाकवताच येत नाही. गुडघे ताठ राहतात, शरीराचा भार मागे जातो आणि तंत्र बिघडते. अगदी स्वस्त बूट याउलट घोट्याशी कोसळतात. बहुतेकांना मधल्या किमतीचे, पण पायाला अचूक बसणारे स्केटच लाभते. महागडे बेतास बात बसणारे आणि साधे नेमके बसणारे, यांत दुसरेच घ्यावे.

पाते आणि धार : नव्या स्केट्सना पहिल्या वापरापूर्वी धार लावून घ्यावी लागते. पात्याचा तळ सपाट नसून लांबीच्या दिशेने पन्हळीसारखा खोलगट घासलेला असतो, त्यामुळे त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा मिळतात. या खोलगटीची त्रिज्या सामान्यतः अर्धा इंच, म्हणजे सुमारे १३ मिमी. ठेवतात. त्रिज्या लहान केली तर पाते बर्फात अधिक रुतते आणि पकड वाढते. मोठी केली तर सरकणे सहज होते. वजनदार खेळाडूला पाच अष्टमांश इंच बहुधा मानवते, हलक्या मुलांना त्याहून लहान त्रिज्या. पात्याला बाजूने पाहिल्यास दिसणारी लांबीची कमानही ठरावीक त्रिज्येची असते, साधारण १० फुटांची. नवख्याने कारखान्यातून आलेली कमान तशीच ठेवावी. खेळ संपल्यावर पाते कोरडे पुसून कापडी आवरणात ठेवावे. कडक प्लॅस्टिकचे आवरण फक्त चालण्यापुरते. त्यात साचलेल्या पाण्याने गंज धरतो.

मुलांची आणि जुनी स्केट्स : वाढत्या पायाच्या नावाखाली दोन क्रमांक मोठे स्केट घेणे ही पालकांकडून प्रेमापोटी होणारी चूक आहे. मूल त्यात घोटे आत पाडून चालते आणि ‘मला जमत नाही’ असे समजून बसते. वाढीसाठी अर्धा क्रमांक पुरे. लवकर लहान होणाऱ्या स्केट्ससाठी वापरलेली जोडी घेणे शहाणपणाचे, मात्र घोट्याजवळ बूट मोडलेला नाही ना, रिव्हेट हलत नाहीत ना आणि पात्यात घासायला पुरेसे पोलाद उरले आहे ना, हे पाहून घ्यावे.

भारतात : आइस हॉकीचे भारतातील खरे घर लडाख. लेहमधील कारझू तळ्यावर हिवाळ्यात नैसर्गिक बर्फावर खेळ रंगतो. सुरुवातीच्या काळात तिथे लष्करी बुटांच्या तळाला लोखंडी पाती ठोकून मुले खेळत. पुढे लेहच्या एनडीएस क्रीडासंकुलात कृत्रिम बर्फाचा रिंक झाला आणि २०२४ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेतील आइस हॉकीचे सामने लेहमध्येच झाले. भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य आहे. लडाखी मुलींचा भरणा असलेल्या भारतीय महिला संघाने २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या आशिया चषकात कांस्यपदक मिळवले. बाहेरून दान आलेली, जे माप मिळेल ते घालून पिढ्यांनी खेळलेली स्केट्स पाहता या यशाचे मोल फार मोठे आहे.

महाराष्ट्रात बर्फाचा खेळ जवळपास नाही, पण मुंबई-पुण्यात चाकांच्या स्केट्सवर हॉकी खेळणाऱ्या मुलांना मापाचे हेच नियम लागू पडतात, कारण इनलाइन हॉकीचा बूट याच घडणीचा असतो. कॅनडा-अमेरिकेतील मराठी पालकांना दुकानात जाऊन माप देण्याची सोय आहे. ऑनलाइन सवलतीच्या मोहात ती सोडू नये. भारतातून मागवणाऱ्यांनी दोन्ही पावलांची लांबी, चवड्याची रुंदी आणि उंचवट्याभोवतीचा घेर मोजून विक्रेत्याला कळवावा आणि परतीच्या अटी आधी वाचाव्यात. आलेले स्केट घरात गालिच्यावर घालून पाहावे आणि माप पक्के होईपर्यंत त्याला धार लावू नये, बेक करू नये, कारण धार लावलेली किंवा बेक केलेली जोडी दुकाने सहसा परत घेत नाहीत.