केळझरच्या ढाब्यावर एक रात्र

चढा, ट्रकच्या पायरीवर पाय ठेवा. साल 1995, मे महिना. तुम्ही आता वीस वर्षांचे क्लिनर आहात आणि शेजारी बसलेत तुमचे उस्ताद.

केबिनमध्ये आधी मांडी भाजते, कारण इंजिनाचा तापलेला पत्रा तिला चिकटूनच आहे. डिझेल, उदबत्ती आणि घाम यांचा एकच वास नाकात बसतो. वर्धा जिल्ह्यातल्या केळझरची टेकडी आली की उस्ताद स्टिअरिंगवरचा एक हात छातीशी नेतात, तिथल्या सिद्धिविनायकाला नमस्कार करतात आणि गचका देऊन गाडी ढाब्याला लावतात.

उतरा. टायर ठोकून बघा, काचेवर बादली फेका. रात्र झाली तरी जमीन चटके देते आहे. चुलीवर तर्री रटरटते, मिरचीच्या ठसक्यानं तुम्हाला खोकला येतो. पंजाबी, तेलुगू, वऱ्हाडी माणसं एकाच बाजेवर दाटीनं बसलीत. टेपरेकॉर्डर किंचाळतोय, म्हणून सगळे ओरडूनच बोलतात. भाकरीचा तुकडा बुडवा आणि ऐका.

म्हातारा ढाबेवाला सांगतो, ही जुनी एकचक्रा नगरी, भीमानं बकासुराला मारलं ते इथंच. मग गप्पा मुंबईकडे, कामाठीपुऱ्यातल्या वेश्यावस्तीकडे वळतात. पंधरा-पंधरा दिवस घर दिसत नाही, खिशात भाड्याचे पैसे असतात. निरोध? पानठेल्यावर तो मागायला जीभ रेटत नाही. आणि गिऱ्हाईक नको म्हणालं, तर त्या खोलीतल्या बाईचं काही चालत नाही.

तुम्ही धीर करून विचारता, “उस्ताद, त्या एड्सचं काय?”

बाज हसण्यानं करकरते. उस्ताद दंड थोपटतात. “अबे पोट्ट्या, दोन पोते एका दमात उचलतो मी. मले काय होते?”

त्या दंडाला हात लावून बघा. ताठ आहे. ताप नाही, खोकला नाही. एचआयव्ही रक्तात शिरल्यावरही माणूस आठ-दहा वर्षं असाच धडधाकट राहू शकतो. बकासुर निदान दिसायचा तरी. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय इथून लांब नाही, पण काही दुखत नसताना रक्त तपासायला कोण जाणार?

तुमच्या मांडीवर कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या आहेत. उस्ताद परवा गावी जातील तेव्हा त्या बायकोच्या हातात भरतील. तिनं गाव सोडलेलं नाही, तरी धोका तिच्या घरापर्यंत चालत येऊ शकतो. आणि तिला कुणी काही विचारलेलंच नाही.

समुद्रापलीकडे आफ्रिकेत, मोंबासाहून कंपालाकडे धावणाऱ्या ट्रकच्या वाटेवरही हेच चाललं होतं. केनियात 2007 साली घरोघरी पाहणी झाली. एचआयव्हीची लागण झालेल्या दर पाच प्रौढांमागे चौघांहून अधिक जणांना तिचा पत्ताच नव्हता. ज्याला ठाऊक नाही, तो उपचार घेत नाही आणि जोडीदाराला जपतही नाही.

आता परत या, पण एक गोष्ट लक्षात ठेवून. त्या बाजेवरच्या माणसांना जे मिळालं नाही, ते तुम्हाला मिळतं. 2004 पासून सरकारी केंद्रांत एचआयव्हीची औषधं मोफत आहेत. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात तपासणीही मोफत होते आणि निकाल गुप्त राहतो. धोक्याचा प्रसंग नुकताच घडला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. रोज गोळी घेऊन रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही.

दंडावर विसंबू नका. शंका असेल तर 1097 या मोफत क्रमांकावर विचारा आणि या आठवड्यातच रक्त तपासून घ्या. शक्य असेल तर दोघं मिळून जा.